अलेक्झांडर ग्रॅहम बेल : तारेच्या फोनपासून बिनतारी बोलण्यापर्यंत

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. आईला कमी ऐकू यायचं. पुढे ते कर्णबधिर मुलांचे शिक्षक झाले. १८७६ मध्ये त्यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. १८८० मध्ये त्यांनी तारेशिवाय, प्रकाशकिरणावरून आवाज सुमारे २१३ मीटर दूर पोहोचवला. पण धुकं आलं की किरण अडायचा. आजचा कॉर्डलेस फोन रेडिओलहरींवर चालतो, म्हणून भिंतीपलीकडेही ऐकू येतं. आपल्या तळा तालुक्यात विजा कडाडताना वायरचा फोन मात्र धरू नका. २ ऑगस्ट १९२२ रोजी बेल यांचे निधन झाले. त्यांची पत्नी मेबल लहानपणापासून बहिरी होती. जगाला दूरचं ऐकवणारा हा फोन तिला कधीच ऐकू आला नाही.