कच्छ ते काराकोरम : फर्डिनांड स्तोलिच्का

आपल्या देवघरातल्या शाळिग्रामावर जे चक्र दिसते, ते अमोनाइट नावाच्या प्राण्याचे कवच. कोट्यवधी वर्षांपूर्वी हे प्राणी समुद्रात राहत. हिमालयातल्या स्पितीत त्यांचे अवशेष गोळा करून त्यांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक म्हणजे फर्डिनांड स्तोलिच्का.

जन्म १८३८ चा, मोराव्हियात (आजचे चेक प्रजासत्ताक). वडील वनरक्षक, त्यामुळे रानाची ओढ घरातूनच. प्राग आणि व्हिएन्ना येथे शिक्षण झाले आणि १८६२ मध्ये, चोविसाव्या वर्षी, ते कलकत्त्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. दक्षिण भारतात, तिरुचिरापल्लीच्या बाजूला सापडलेल्या जीवाश्मांचे काम त्यांच्याकडे आले. त्यावरचे मोठमोठे ग्रंथ त्यांनी दहा वर्षांत हातावेगळे केले. सरकारी खात्यात एक अहवाल पुरा व्हायला किती दिवस लागतात हे आम्हा नोकरदारांना विचारा!

खात्याचे काम दगडांचे, पण मन पक्षी, सरडे, गोगलगायी यांतही तितकेच रमे. १८७१-७२ मध्ये ते सर्वेक्षणासाठी आपल्या शेजारच्या कच्छमध्ये आले. तेथे खडक तपासता तपासता गप्पीदासाच्या कुळातल्या, पांढऱ्या भुवईच्या एका छोट्या पक्ष्याचे वर्णन त्यांनी शास्त्रापुढे मांडले. पक्षीनिरीक्षक आजही तो स्तोलिच्कांच्या नावाने ओळखतात.

हिमालयातल्या आधीच्या फेऱ्यांनी प्रकृती खालावली होती. तरीही १८७३ मध्ये फोर्सिथ यांच्या शिष्टमंडळाबरोबर ते यारकंद-काश्गरला निघाले. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. जातानाच आजारपणाने गाठले, पण माघार नाही. वसंतात काही सहकाऱ्यांबरोबर पामीरही पाहून आले. परतताना, जून १८७४ मध्ये, काराकोरमची साडेपाच हजार मीटरहून उंच खिंड ओलांडताना डोके असह्य दुखू लागले. बरोबर डॉक्टर होते, पण विरळ हवेपुढे त्यांचे काही चालले नाही. १९ जूनला लडाखमधील मुर्गो येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे छत्तीस.

त्यांना लेह येथे पुरले. सरकारने तेथे दगडी स्मारक उभारले. बरोबरच्या पेट्यांतले नमुने आणि टिपणे मात्र सुखरूप पोहोचली. सस्तन प्राण्यांवरचा भाग ब्लॅनफर्ड यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केला. पक्ष्यांवरचा भाग यायला १८९१ उजाडले.