पहिला फिल्मफेअर वयाच्या ७० व्या वर्षी! दुर्गा खोटेंच्या वाट्याला पुरस्कार इतके उशिरा का आले?

'मुघल-ए-आझम' बघितला असेल तर जोधाबाई आठवत असेलच. एकीकडे नवरा शहेनशाह, दुसरीकडे पोटचा पोरगा सलीम, आणि दोघांच्या भांडणात मधल्यामध्ये होरपळणारी आई. ती जोधाबाई म्हणजे आपल्या दुर्गा खोटे. १९६० च्या त्या सिनेमाला बेस्ट फिल्मसह तीन फिल्मफेअर मिळाले. जोधाबाईला मात्र काही नाही. त्या वर्षीचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार 'आंचल'साठी नंदाला गेला.

दुर्गाबाई सिनेमात आल्या १९३१ मध्ये आणि पहिला फिल्मफेअर हातात पडला १९७५ मध्ये. मधे गेली ४४ वर्षं. एवढी वर्षं या बाईंकडे कुणाचं लक्षच नव्हतं का? तर तसं नाही, गोष्ट वेगळीच आहे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव लाड. मूळ गोव्याकडचं, सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी घर. कॅथेड्रल शाळा, पुढे सेंट झेवियर्स कॉलेज. शिकत असतानाच खोटे घराण्यात लग्न झालं, बकुल आणि हरीन ही दोन मुलं झाली. पुढे सासरची आर्थिक घडी विस्कटली आणि कमावणं भाग पडलं. आज यात कुणाला काही वाटणार नाही, पण तेव्हा चांगल्या घरातल्या बाईने सिनेमात काम करणं म्हणजे अब्रूचा प्रश्न होता.

पहिला सिनेमा मोहन भवनानींचा 'फरेबी जाल'. काम छोटं होतं, पण बोलणी मोठी खावी लागली. सिनेमा पुन्हा नको, अशीच अवस्था झाली होती. पण तेच काम बघून 'प्रभात'च्या व्ही. शांताराम यांनी त्यांना तारामतीसाठी विचारलं.

'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये आला. प्रभातचा हा पहिला बोलपट, मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केलेला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई तारामती. आदल्या वर्षी नावं ठेवणारी मंडळीच आता पडद्यावरच्या राणीकडे आदराने बघायला लागली. शिकलेल्या घरातल्या पुढच्या कित्येक मुलींना सिनेमाचं दार किलकिलं झालं ते इथून. माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा सन्मान हाच, फक्त त्याची ट्रॉफी नसते.

ट्रॉफी नव्हतीच म्हणा ना! फिल्मफेअर सुरू झाला १९५४ मध्ये, तोही फक्त पाच पुरस्कारांचा. सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार पुढच्या वर्षी आला आणि तो पहिल्यांदा उषाकिरण यांनी घेतला. सरकारी राष्ट्रीय पुरस्कारही १९५४ चेच, पण त्यात नट-नट्यांसाठी खानाच नव्हता. तो आला १९६७ च्या सिनेमांपासून. तेव्हा दुर्गाबाई बासष्टीच्या होत्या. म्हणजे त्यांची नायिकेची सगळी वर्षं पुरस्कारांच्या आधीच संपली होती.

आणि ती वर्षं काही साधी नव्हती. १९३४ चा देवकी बोस यांचा 'सीता' व्हेनिसच्या महोत्सवात पोचला आणि तिथे मानाचा डिप्लोमा घेऊन आला. त्यात राम पृथ्वीराज कपूर आणि सीता दुर्गाबाई. १९३६ च्या 'अमर ज्योती'त त्या चक्क समुद्री चाच्यांच्या राणी होत्या, स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारला म्हणून राज्याविरुद्ध बंड करणारी सौदामिनी. शिवाय नट मंडळी एकाच कंपनीच्या पगारावर बांधलेली असायची त्या काळात त्या कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई अशा वेगवेगळ्या कंपन्यांत काम करत राहिल्या. आजच्या भाषेत फ्रीलान्सर.

पहिले मोठे पुरस्कार आले ते थेट बंगालमधून. तिथल्या सिनेपत्रकारांच्या संघटनेने, म्हणजे बीएफजेएने, त्यांना सलग दोनदा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं. एकदा 'चरणों की दासी'साठी आणि एकदा 'भरत मिलाप'साठी. आता गंमत बघा. 'चरणों की दासी' म्हणजे अत्र्यांच्या 'पायाची दासी'चं हिंदी रूप. त्यात दुर्गाबाई छळवादी सासू होत्या. आणि 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी! तारामती आणि सीतेला लोकांनी हात जोडले, पण पुरस्कार नेला सासूने आणि कैकेयीने.

रंगभूमीवरही तेच. मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी'त त्या आनंदीबाई झाल्या. १९५४ च्या 'राजमुकुट'मध्ये, म्हणजे शिरवाडकरांनी मराठीत आणलेल्या 'मॅकबेथ'मध्ये, लेडी मॅकबेथच्या जागी त्याच होत्या. समोर नानासाहेब फाटक, दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल. सिनेमात नाव कमावल्यावर नाटकाकडे पाठ फिरवणारे पुष्कळ. दुर्गाबाईंनी मात्र पन्नाशीच्या आसपास, रिटेकची सोय नसलेल्या जागी, असल्या अवघड बायका उभ्या केल्या. १९५८ मध्ये अभिनयासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे १९७५ मध्ये हाच अकादमी पुरस्कार दिग्दर्शनासाठी विजया मेहतांना मिळाला. त्या दुर्गाबाईंच्या सूनबाई, हरीन यांच्याशी त्यांचं लग्न झालं होतं. हरीन यांचं अकाली निधन झालं. पुरस्कारांच्या यादीत आयुष्यातले असले घाव दिसत नाहीत.

१९६८ मध्ये पद्मश्री आली. आणि मग तो फिल्मफेअर, 'बिदाई' सिनेमातल्या म्हाताऱ्या आईसाठी. सहाय्यक अभिनेत्री, वय वर्षं ७०.

१९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांनाच मिळाला. त्याआधी हा मान मिळवणाऱ्या स्त्रिया फक्त तीन होत्या : देविका राणी, रूबी मायर्स आणि कानन देवी. गंमत म्हणजे त्यांना तारामती बनवणाऱ्या शांतारामबापूंना फाळके पुरस्कार मिळाला १९८५ चा. म्हणजे नायिका दिग्दर्शकाच्या दोन वर्षं आधी.

तोपर्यंत दुर्गाबाई अभिनयाच्या पलीकडे गेल्या होत्या. त्यांची स्वतःची निर्मिती संस्था जाहिराती आणि लघुपट करत होती. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनवरची 'वागले की दुनिया' आली ना, ती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच. २२ सप्टेंबर १९९१ ला त्या गेल्या. भारतीय सिनेमाच्या शंभरीला, मे २०१३ मध्ये, टपाल खात्याने ५० कलावंतांची तिकिटं काढली. त्यातलं एक दुर्गाबाईंचं आहे.