लोकशाहीर अमर शेख

(एका गरीब मुस्लिम कुटुंबातील मुलाने आपल्या मराठी गाण्यांनी महाराष्ट्र कसा जागा केला, हे या पाठात सांगितले आहे.)

उर्दूतील 'शायर' हा शब्द तुमच्या परिचयाचा आहे. तोच शब्द मराठीत आला आणि 'शाहीर' झाला. पण दोघांत थोडा फरक आहे. शायर मुशायऱ्यात आपली गझल ऐकवतो. शाहीर डफावर थाप मारतो आणि भर मैदानात लोकांपुढे उभा राहून गातो. असेच एक थोर शाहीर म्हणजे अमर शेख.

आपल्या लातूरपासून पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर बार्शी हे गाव आहे. पूर्वी लातूर निजामाच्या राज्यात होते आणि बार्शी इंग्रजांच्या. पण १९११ सालापासून दोन्ही गावे एका छोट्या रेल्वेने जोडलेली होती. या बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी अमर शेख यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आईचे नाव मुनेरबी.

घरी गरिबी होती, पण गाण्यांची श्रीमंती होती. त्या काळी बायका पहाटे उठून जात्यावर दळण दळीत. दळताना त्या ओव्या गात. मराठवाड्यातील मुस्लिम घरांतही अशा मराठी ओव्या ऐकू येत. मेहबूबला लोकगीतांचा वारसा मिळाला तो आईकडूनच. त्याची मराठी ही अशी आईच्या तोंडून आलेली मराठी होती.

पोटासाठी मेहबूबला लहान वयातच कामाला लागावे लागले. कधी मोटारीवर क्लीनर म्हणून, तर कधी कापडगिरणीत कामगार म्हणून तो राबला. गिरणीतले कष्ट त्याने स्वतः सोसले होते. म्हणून कामगारांनी संप केला तेव्हा तो मागे राहिला नाही. त्याला विसापूरच्या तुरुंगात जावे लागले. तेथे कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांची भेट झाली. कष्टकऱ्यांना न्याय मिळालाच पाहिजे, हा विचार त्याच्या मनात पक्का झाला आणि तो कम्युनिस्ट चळवळीत आला.

पुढे काही काळ तो कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या चित्रपट कंपनीत होता. मित्रांनी त्याला 'अमर शेख' हे नाव दिले. अमर म्हणजे ज्याला मरण नाही असा. हेच नाव पुढे महाराष्ट्राच्या तोंडी बसले.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर एकत्र आले. त्यांनी 'लाल बावटा कलापथक' सुरू केले. बावटा म्हणजे झेंडा. अण्णा भाऊ हे मातंग समाजात जन्मलेले, गरिबीमुळे शाळेला मुकलेले लेखक. हे मित्र गिरणगावात आणि खेडोपाडी कार्यक्रम करू लागले. त्यांनी तमाशाचे जुने रूप बदलले. तमाशाच्या आरंभी गणपतीचे स्तवन असे, त्याला गण म्हणतात. त्यानंतर कृष्ण आणि गवळणींचा खेळ येई. अण्णा भाऊंनी गणात मातृभूमीला आणि श्रमिकांना वंदन केले आणि गौळण काढून टाकली. राजाराण्यांऐवजी सावकार, शेतकरी आणि कामगार रंगमंचावर आले. सरकारला हे रुचले नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या तमाशांवर बंदी घातली. पण गाणे थांबले नाही.

दूर अमेरिकेतही असेच घडले होते. तेथे कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या मजुरांनी आपले दुःख गाण्यांत ओतले. त्या गाण्यांना 'ब्लूज' म्हणतात. त्यांच्या हाती गिटार होती, अमर शेखांच्या हाती डफ होता. देश वेगळा, वाद्य वेगळे. पण घाम तोच होता.

१९५६ पासून संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने जोर धरला. मराठी बोलणाऱ्यांचे, मुंबईसह एक राज्य व्हावे, ही लोकांची मागणी होती. या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. अमर शेख गावोगाव फिरले. त्यांचा आवाज पहाडी होता. ते गाऊ लागले की हजारोंची सभा स्तब्ध होई आणि मग एकदम पेटून उठे. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही लावणी त्यांनी घरोघर पोहोचवली. पोटासाठी मुंबईला आलेला मजूर गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकूळ होतो, असे तिचे कथानक आहे. बेळगाव, कारवार हे भाग दूर राहिल्याचे दुःखही तिच्यात मिसळले आहे. आपले गाव सोडून आलेल्या प्रत्येकाला ती स्वतःचीच कथा वाटे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. नांदेड आणि लातूरचा आपला मराठवाडाही त्यात आला. १९६२ साली चीनने आक्रमण केले. तेव्हा अमर शेख पुन्हा डफ घेऊन निघाले आणि देशाच्या संरक्षण निधीसाठी गायले.

ते केवळ गायक नव्हते, तर कवीही होते. 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे त्यांचे कवितासंग्रह आहेत. 'युगदीप' आणि 'वक्त की आवाज' ही नियतकालिके त्यांनी चालवली. 'प्रपंच' या १९६१ सालच्या चित्रपटात त्यांनी अभिनय केला. आचार्य अत्रे त्यांची तुलना रशियन कवी मायकोव्हस्की यांच्याशी करीत.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे बावन्न वर्षांचे होते. त्यांची मुलगी मलिका अमर शेख पुढे मराठीतील नामवंत कवयित्री झाली.

मुनेरबींच्या घरातली गाणी अशी महाराष्ट्रभर पोहोचली. मराठी ही आपली भाषा आहे की नाही, असे अमर शेखांनी कोणाला विचारले नाही. ते ती गात राहिले आणि ऐकणाऱ्यांनी त्यांना आपले मानले.

स्वाध्याय
१. मेहबूबला गाण्याचा वारसा कोणाकडून मिळाला?
२. लाल बावटा कलापथकाने तमाशात कोणते बदल केले?
३. 'माझी मैना' ही लावणी लोकांना आपली का वाटे?
४. तुमच्या आजीला किंवा आईला येणारे एखादे गाणे ऐका आणि त्याचा अर्थ मराठीत लिहा.