विज्ञानाचे विद्यापीठ मायदेशी आणू पाहणारे जमशेटजी टाटा

यशवंतपूर (बंगळुरू) : यशवंतपूर रेल्वे स्थानकानजीक वृक्षराजीत वसलेली भारतीय विज्ञान संस्था ज्यांच्या संकल्पातून साकारली, त्या जमशेटजी नसरवानजी टाटा यांना तिची पायाभरणी पाहण्याचे भाग्य लाभले नाही.

३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे जन्मलेल्या जमशेटजींचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. १८७७ मध्ये त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. १८९२ मध्ये परदेशातील उच्च शिक्षणासाठी त्यांनी कर्जाऊ शिष्यवृत्ती सुरू केली. परतफेडीच्या रकमेतून पुढील विद्यार्थ्यांना साहाय्य मिळे.

तथापि, मोजके तरुण विलायतेस धाडून देशाची गरज भागणारी नव्हती. संशोधनासाठी येथेच विद्यापीठ उभारावे, या हेतूने त्यांनी बर्जोरजी पादशहा यांना परदेशी विद्यापीठांच्या अभ्यासासाठी पाठविले आणि सुमारे ३० लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली. पाहणीसाठी आलेले ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांनी बंगळुरूची शिफारस केली. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन मात्र साशंक होते. मंजुरी रेंगाळली आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले.

दोराबजी व रतनजी या पुत्रांनी पित्याचा शब्द पाळला. म्हैसूर संस्थानाने सुमारे ३७१ एकर जमीन दिली. १९०९ मध्ये संस्था स्थापन झाली. रॅम्से यांचे सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स पहिले संचालक झाले आणि १९११ मध्ये विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. १९३३ मध्ये सी. व्ही. रामन यांच्या रूपाने संस्थेला पहिले भारतीय संचालक लाभले.