कोर्टात हरलेला गणिताचा प्राध्यापक

१९२५ साली दोन शिक्षकांवर साधारण एकाच कारणाने गंडांतर आले. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या डेटन या लहानशा गावी जॉन स्कोप्स या २४ वर्षांच्या शिक्षकावर शाळेत उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल खटला भरला गेला. इकडे मुंबईत, विल्सन कॉलेजात गणित शिकवणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांना संततिनियमनाच्या जाहीर प्रचारावरून नोकरीवर पाणी सोडावे लागले. दोन्हीकडे प्रश्न तोच होता. शास्त्राला कळलेली गोष्ट सामान्य माणसाला सांगायची की नाही, हे ठरवणार कोण?

स्कोप्सचा खटला जगभर गाजला. १० जुलैला तो सुरू झाला आणि २१ जुलैला संपला. आरोपीच्या बाजूने क्लॅरेन्स डॅरो, विरुद्ध बाजूला विल्यम जेनिंग्ज ब्रायन असे दोन नामांकित वक्ते उभे राहिले, रेडिओवरून कामकाज ऐकवले गेले. साक्षीसाठी आलेल्या शास्त्रज्ञांना ज्युरीपुढे बोलूच दिले नाही, कारण कोर्टापुढचा मुद्दा उत्क्रांती खरी की खोटी हा नव्हताच. कायदा मोडला का, एवढाच होता. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. दोन वर्षांनी वरच्या कोर्टाने तो एका तांत्रिक चुकीवरून रद्द केला, कायदा मात्र १९६७ पर्यंत तसाच राहिला. या खटल्यावर १९५५ साली आलेले ‘इनहेरिट द विंड’ हे नाटक तिकडचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. त्यातला शिक्षक तुरुंगात आहे, खरा स्कोप्स कधी तुरुंगात गेला नव्हता. नाटककारांना आपल्या काळातल्या विचारस्वातंत्र्याच्या गळचेपीवर बोलायचे होते, त्यासाठी त्यांनी जुना खटला वापरला.

उत्क्रांतीवरून आपल्याकडे असा खटला झाला नाही. जुन्नर तालुक्यात बोरीजवळ कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेच्या थरासोबत आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. त्या राखेचे वय किती, यावर शास्त्रज्ञांची अनेक वर्षे जुंपली, पण ती शोधनिबंधांतून. वकिलांचे तिथे काही काम पडले नाही. आपला खटला झाला तो माणसाच्या शरीराविषयी लिहिल्याबद्दल, आणि त्यातले आरोपी होते र. धों. कर्वे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात मुरुड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना आई राधाबाई गेल्या. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. गावाने वाळीत टाकणे म्हणजे काय, हे या मुलाने घरातच पाहिले. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत तो पहिला आला. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन पुढे वडिलांसारखाच गणिताचा प्राध्यापक झाला. फ्रान्सला जाऊन त्यांनी गणिताचा पुढचा अभ्यास केला. फ्रेंच भाषा, तिथले वाङ्मय आणि मोकळा विचार तिथूनच त्यांच्या अंगी मुरला.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला पहिला दवाखाना उघडला तो याच वर्षी. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पत्नी मालतीबाई कामात बरोबरीने होत्या. स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही असे दोघांनी ठरवले आणि रघुनाथरावांनी स्वतःची नसबंदी करून घेतली. आजही कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया म्हटली की बहुतेक घरांत बाईलाच पुढे केले जाते. पुरुषाची शस्त्रक्रिया जास्त सोपी आणि कमी धोक्याची असूनही. शंभर वर्षांपूर्वी हा निर्णय किती वेगळा असेल, याचा अंदाज त्यावरून करावा.

ते जे सांगत होते त्यातले बरेचसे आज आरोग्यसेविका घरोघर जाऊन सांगते. एका बाळंतपणानंतर लगेच दुसरी गर्भधारणा झाली, तर आईच्या शरीरातला लोहाचा साठा भरून निघायला वेळच मिळत नाही. तिचा पांडुरोग वाढतो, मूल कमी वजनाचे जन्मते, अंगावरचे दूध लवकर तुटते. जागतिक आरोग्य संघटना आता बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपर्यंत किमान २४ महिन्यांचे अंतर ठेवायला सांगते. कर्व्यांच्या काळात लग्ने कोवळ्या वयात होत आणि बाळंतपणे वर्षा-दीड वर्षाच्या अंतराने. ब्रह्मचर्य हा त्यावरचा सर्वमान्य उपाय होता. गांधीजींचेही मत तेच होते. कर्व्यांना हा उपाय अव्यवहारी वाटे. त्यांचा हिशेब गणितीच होता. जे बहुसंख्यांना जमणार नाही, त्यावर आरोग्याची योजना उभी करता येत नाही.

नोकरी सुटल्यावर दोन वर्षांनी, जुलै १९२७ मध्ये, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. लिखाण त्यांचे, संपादन त्यांचे, मुद्रिते तपासायची त्यांनीच आणि तोटाही त्यांनीच सोसायचा. लैंगिक शिक्षण, गुप्तरोग, आहार, स्त्रीपुरुष समता, बुवाबाजी असे सगळे विषय त्यात येत. पेनिसिलिन अजून औषध म्हणून हाती आलेले नव्हते; उपदंश झालेला माणूस वैदूच्या पाऱ्याच्या भस्मावर आणि नवसावर भरवसा ठेवत होता. अशा वेळी रोग कसा पसरतो आणि निरोधाने तो कसा टळतो, हे मराठीत स्वच्छ लिहिणारा माणूस विरळाच.

मासिकाचा गाभा होता वाचकांची प्रश्नोत्तरे. जी गोष्ट डॉक्टरलाही विचारायची चोरी, ती लोक पत्रातून विचारीत. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, धातू गेल्याने आयुष्य कमी होते का, समलिंगी ओढ हा रोग आहे का? कर्वे आडपडदा न ठेवता त्या वेळच्या वैद्यकीय ग्रंथांच्या आधारे उत्तरे देत. त्यांच्या उपहासाला धार होती आणि ती कधीकधी नको तितकी लागे; समजावून जिंकता येईल अशा माणसालाही ते दुखावून ठेवत. त्या काळच्या संततिनियमनाच्या चळवळीत सुप्रजननाचा, म्हणजे निवडक लोकांनीच प्रजा वाढवावी असा विचारही जगभर मिसळलेला होता. तो भाग आज टिकणारा नाही. पण धातूच्या भीतीवर त्यांनी दिलेली उत्तरे आजही शास्त्राला धरून आहेत, आणि बसस्थानकाच्या भिंतींवर मर्दानी कमजोरीच्या जाहिराती अजून दिसतात, तेव्हा ती जुनी झाली असेही म्हणवत नाही.

रूढीचे भांडण कोर्टात जाणे पुणे जिल्ह्याला नवीन नव्हते. जोतीराव फुल्यांच्या हयातीत ओतूरच्या बाळाजी कुशाजी पाटलांनी भटजी न बोलावता घरचे लग्न लावले, तेव्हा गावजोशांनी हक्क बुडाला म्हणून फिर्याद केली आणि प्रकरण पार मुंबई हायकोर्टापर्यंत गेले. कर्व्यांच्या वाट्याला मात्र फौजदारी खटले आले. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेख अश्लील ठरवून त्यांना १०० रुपये दंड झाला. अपील फेटाळले गेले. १९३४ च्या फेब्रुवारीत पुन्हा अटक झाली, ती वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून.

या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन फार दिवस झाले नव्हते. स्वतःच्या चळवळीचा प्रचंड व्याप असताना, ज्यात लोकप्रियता मिळण्याची सुतराम शक्यता नव्हती असा हा खटला त्यांनी हाती घेतला. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा होता. असले विकृत प्रश्न छापावेतच कशाला, अशी न्यायाधीशांची शंका होती. त्यावर बाबासाहेबांचे म्हणणे असे की विकृती असलीच तर ती ज्ञानानेच दूर होईल, आणि वाचकाने विचारल्यावर संपादकाने गप्प राहायचे तर मासिक काढायचे तरी कशासाठी? समलिंगी ओढीबाबत त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा दाखला दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती ओढ गुन्ह्याच्या कक्षेतून काढली २०१८ मध्ये.

कायद्याची कसोटीच कर्व्यांना प्रतिकूल होती. १८६८ च्या एका इंग्रजी निवाड्यापासून चालत आलेली ही कसोटी लेखकाचा हेतू पाहत नसे. मजकुरामुळे कच्च्या मनाचा वाचक बिघडू शकतो का, तेवढेच पाहत असे. तिथे शास्त्रीय ग्रंथ कितीही पुढे केले तरी उपयोग मर्यादित. २४ एप्रिल १९३४ पर्यंत सुनावणी चालली, कर्वे हरले आणि २०० रुपये दंड झाला. दंड भरून ते पुढच्या अंकाच्या तयारीला लागले. अजित दळवी यांनी लिहिलेल्या आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ या नाटकात हे खटले रंगमंचावर आले, ते ऐंशीहून अधिक वर्षांनी. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट त्याआधीचा.

१९३८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. तो नामंजूर झाला. १९५२ मध्ये मात्र भारत सरकारनेच कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. सरकारी पातळीवर असे करणारा तो जगातला पहिला देश मानला जातो. कर्वे तेव्हा सत्तरीचे होते आणि अजून स्वतःच मासिक चालवत होते. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते वारले. नोव्हेंबरचा अंक निघाला, तो शेवटचा. वडील त्या वेळी ९५ वर्षांचे होते. त्यांना भारतरत्न मिळायला अजून पाच वर्षे अवकाश होता.