रामन यांनी प्रवेश नाकारला, पुढे संचालकपदही ४ वर्षे लांबलं. कोण होत्या कमला सोहोनी?

मेहकर : बीएस्सी झालेल्या मेहकरच्या मुलीने आज एमएस्सीसाठी अर्ज केला तर आधी मार्क पाहिले जातात. १९३३ मध्ये कमला भागवत यांच्या बाबतीत मार्कांचा प्रश्नच आला नाही. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीत अव्वल आलेल्या कमलाबाईंचा अर्ज बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने फेटाळला. कारण एकच, त्या बाई होत्या. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन.

याच संस्थेत त्यांचे वडील आणि काका रसायनशास्त्र शिकले होते. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. कमलाबाई थेट रामन यांच्यासमोर गेल्या आणि सत्याग्रहाचा पवित्रा घेतला.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करायचं. शिवाय त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये! ही शेवटची अट मुलांना लागू नव्हती, हे सांगायला नकोच. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केलं. वर्षभराने रामन यांचं समाधान झालं आणि संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं.

केंब्रिजमध्ये काय केलं?

बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन असतं, हे त्यांनी दाखवलं. पेशीच्या श्वसनात त्याची भूमिका महत्त्वाची असते. त्यांचा प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. १९३९ मध्ये पीएचडी घेऊन त्या भारतात परतल्या.

दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवताना त्यांनी नीरेचं पोषणमूल्य अभ्यासलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गर्भवतींना नीरेचा फायदा होतो, हे त्यांच्या संशोधनातून पुढे आलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

मग अडलं कुठे?

प्रवेशाची गोष्ट सगळे सांगतात, बढतीची फारसं कोणी सांगत नाही. केंब्रिजची पदवी आणि इतकं काम गाठीशी असूनही संस्थेचं संचालकपद अंतर्गत राजकारणामुळे सुमारे ४ वर्षे लांबलं. पुढे ते त्यांना मिळालं. पण गेलेली वर्षं भरून देणारा नियम तेव्हा नव्हता.

आज नियम काय?

मेहकरची तीच मुलगी पुढे सहायक प्राध्यापक झाली, तर यूजीसीचे २०१८ चे नियम लागू होतात. पीएचडी असेल तर पहिल्या बढतीसाठी ४ वर्षं, नसेल तर साधारण ६. प्रसूती किंवा बालसंगोपन रजेचा काळ मूल्यमापनातून वगळला जातो, म्हणजे रजेमुळे बढती मागे पडू नये. करिअरमध्ये खंड पडलेल्या महिला संशोधकांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या योजना आहेत. त्याच विभागाने २०२० मध्ये 'गती' हा प्रायोगिक उपक्रम ३० संस्थांसाठी आणला. त्यात संस्थेलाच आपल्याकडे महिलांची भरती आणि बढती कशी होते, हे तपासावं लागतं.

कमलाबाई नंतर ग्राहक चळवळीत उतरल्या आणि अन्नातील भेसळीवर मराठीतून लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत आयसीएमआरने त्यांचा सत्कार केला. त्याच कार्यक्रमात त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचं निधन झालं.