तरुण ज्योतिर्विद जॉन गुडरिक

ययाति नक्षत्रांत अलगॉल नांवाचा एक तारा आहे. त्याचें तेज कमीजास्त होतें, हें इटलींतील मोंतानारी या पंडितानें सतराव्या शतकांतच पाहिलें होतें. परंतु त्याचा नियम कोणासच गवसला नव्हता. तो गवसला यॉर्क शहरांतील एका अठरा वर्षांच्या मुलाला, आणि त्या मुलाला ऐकूं येत नव्हतें.

जॉन गुडरिकचा जन्म १७ सप्टेंबर १७६४ रोजीं हॉलंडांतील ग्रोनिंगेन येथें झाला. अगदीं लहानपणीं त्याची श्रवणशक्ति गेली. अशा मुलांस शिकविणें व्यर्थ, असें त्या काळीं पुष्कळ लोक समजत. त्याच्या आईबापांनीं मात्र त्याला एडिंबरो येथें टॉमस ब्रेडवुड यांच्या बधिर मुलांच्या शाळेंत व नंतर वॉरिंग्टनच्या विद्यालयांत धाडलें. तेथें त्याला गणिताची गोडी लागली. हें झालें नसतें, तर पुढचें कांहींच सांगावयास उरलें नसतें!

यॉर्कला परतल्यावर एडवर्ड पिगट या ज्योतिर्विदाशीं त्याचा स्नेह जडला. १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्रीं अलगॉल एकाएकीं मंद दिसला. स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा प्रथम विश्वासच बसेना. पुढें प्रत्येक निरभ्र रात्रीं घड्याळ जवळ ठेवून तो त्या ताऱ्याची वाट पाहूं लागला. २ दिवस व पावणेएकवीस तासांनीं तारा पुनः मंदावतो, असें त्यानें काढिलें. आजच्या मोजणीहून हा आकडा अवघ्या कांहीं मिनिटांनीं कमी आहे. एखादी काळोखी वस्तु ताऱ्याभोंवतीं फिरतांना त्याच्या आड येत असावी, किंवा ताऱ्याची डागाळलेली बाजू आपल्याकडे वळत असावी, अशीं दोन कारणें त्यानें सुचविलीं. १७८३ सालीं रॉयल सोसायटीनें त्याला कॉप्ली पदक दिलें. पुढच्याच वर्षीं वृषपर्वा व स्वरमंडल या नक्षत्रांतील एकेका ताऱ्याचें आवर्तनही त्यानें शोधून काढिलें. एप्रिल १७८६ मध्यें सोसायटीनें त्याला सभासद निवडलें आणि त्याच महिन्याच्या २० तारखेस तो वारला. वय अवघें एकवीस!

पहिलें कारण खरें ठरलें, पण त्याला १८८९ साल उजाडावें लागलें. पॉट्सडामच्या फोगेल यांनीं अलगॉलच्या वर्णपटावरून त्याच्या जोडीदाराचा छडा लावला.

आज शास्त्रज्ञ दूरच्या दीर्घिकांच्या गाभ्यांतून येणारे क्ष-किरण व गॅमा-किरण असेच घड्याळ लावून पाहतात. २००६ च्या जुलैंत नामिबियांतील दुर्बिणींना अशा एका गाभ्याचे गॅमा-किरण थोड्याच मिनिटांत दुप्पट झालेले आढळले. तेथें ग्रहण नाहीं, ठराविक आवर्तनही नाहीं. प्रश्न मात्र गुडरिकचाच, कीं फरक पडण्यास वेळ किती लागला? कोणतीही वस्तु, तिच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रकाश जाण्यास जो वेळ लागतो, त्याहून लवकर सबंध उजळूं शकत नाहीं. म्हणून त्या मिनिटांवरून किरणांच्या उगमाचा आकार अजमावितां येतो. मात्र ते किरण जवळजवळ प्रकाशाच्याच वेगानें आपल्याकडे धांवणाऱ्या झोतांतून येतात, त्यामुळें हिशेबांत त्या वेगाचाही विचार करावा लागतो.